गाडी विकली, पण मागच्या सीटवर बायको होती

“अवो काकू, उतरा की आता! पैसं सोडल्यात, किल्ली माझ्या हातात हाय, नारळ फुडच्या काचंजवळ ठेवलाय. आनि काय पायजे?”

आमच्या गाडीचं गिऱ्हाईक आमच्याच फाटकात उभं राहून ओरडत होतं. आवाज असा, की पंचगंगेच्या पलीकडं एखाद्या म्हशीनं पान्हा चोरला असेल. गाडी रस्त्याकडं तोंड करून उभी. मागच्या सीटवर माझी बायको. पुढच्या सीटचा माथा तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, ओठ मिटलेले, नजर समोर.

“जरा थांबा,” एवढंच ती म्हणाली.

“किती थांबायचं? मघाधरनं थांबूनच हाय की!”

मी त्या दोघांच्या मधोमध उभा होतो, आणि खरं सांगतो, मला कुणाचाच राग येत नव्हता. मला फक्त कुठंतरी बसायचं होतं. जुनी गाडी विकताना माणूस एवढा दमतो हे आधी ठाऊक असतं, तर मी ती एखाद्या देवळापुढं सोडून, पाया पडून, रिक्षानं घरी आलो असतो.

गाडी विकायची होती ती बायकोच्या गुडघ्यासाठी. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं होतं, वाटी बदलायला पाहिजे, आता तेल-मलमाचं काम राहिलं नाही. माझी पेन्शन महिन्याच्या शेवटाला कशीबशी टेकते. विकण्यासारखं घरात एकच होतं, दारातली ती पांढरी गाडी. तशीही संध्याकाळनंतर मला समोरचा ट्रक आणि त्याची सावली यातला फरक कळेनासा झाला होता.

जाहिरात पुण्याला असलेल्या आमच्या मुलानं मोबाईलवर टाकली, पण मजकूर माझा. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. असल्या माणसाला साधी जाहिरात लिहिता येत नाही. मी लिहिलं, ‘ही गाडी पन्हाळ्याचा घाट चौथ्या गिअरमध्ये चढते आणि वर गेल्यावर दम खात नाही. हिचा हॉर्न कसबा बावड्यात वाजवला तर जयसिंगपूरच्या बाजारात लिलाव थांबतो. महापुरात ही शिरोळच्या सासुरवाडीच्या अंगणात हंसासारखी तरंगली.’ शेवटचं वाक्य मुलानं खोडलं. पुरात भिजलेली गाडी कुत्रं विचारत नाही म्हणे. आता ती भिजली नव्हतीच. शोभेला म्हणून लिहिलं होतं.

मग फोन सुरू झाले. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट “लास्ट किती?” मी संडासात असताना लास्ट किती, कुणाच्या दहाव्याला बसलो असताना लास्ट किती. एकजण रोज यायचा, चारी टायरना लाथ मारायचा आणि मान हलवत जायचा. एका मेकॅनिकनं तर बॉनेटला कान लावला आणि असा सुस्कारा सोडला, की मला वाटलं आता नातेवाइकांना बोलवून घ्या म्हणतोय. जयसिंगपूरचं एक कुटुंब ‘चक्कर मारून बघतो’ म्हणून घेऊन गेलं ते ज्योतिबाला जाऊन, दर्शन घेऊन, दिवस मावळताना परत आलं. सीटवर गुलाल. वर म्हणतात कसे, “गाडी झ्याक हाय, पर आमाला जरा मोठी पायजे.” मोठीच पाहिजे होती. त्यांची आजी दोन वळणं डिकीत बसून गेली असावी.

आणि आलेल्या प्रत्येकाला चहा. आमच्या घराची ती रीतच आहे. दारात आलेला माणूस कोरडा जात नाही. बायको भिंतीला हात लावून उठायची, ओट्याला टेकून चहा करायची, परत भिंतीच्या आधारानं येऊन बसायची. ज्या गुडघ्यासाठी गाडी विकायची, तोच गुडघा गिऱ्हाइकांच्या चहापायी झिजत चालला होता. मी म्हणायचो, राहू दे की चहा. ती आधण ठेवायची. तिलाही कंटाळा आला होता, पण रीत कंटाळ्यापेक्षा जुनी.

अशात रविवारी हा फाटकात ओरडणारा आला. मोटारसायकलवरनं, मागं एक मुका वाटावा असा सोबती. पांढरी टोपी, कपाळाला टिळा, बोलणं असं, की जणू माझ्या लग्नात यानंच अक्षता वाटल्या होत्या. शिरोळकडं ऊस आहे म्हणाला. पोरीला कॉलेजला जायला गाडी पाहिजे. मी किंमत सांगितली. तो म्हणाला, “ठीक हाय की सर, तुमच्या तोंडातनं आलंय ते कसं मोडायचं?”

इथंच माझ्या कानात घंटा वाजायला हवी होती. कोल्हापुरात कोथिंबिरीच्या जुडीवर तलवारी निघतात, आणि हा गडी गाडीला एक रुपया पाडून मागत नाही! पण मला वाटलं, हा माझ्या वाणीचा प्रभाव. मी त्याला हॉर्नची गोष्ट सांगितली. त्यानं माझ्यावर ताण केली. म्हणाला, त्याचा ऊस एवढा दाट, की मागं त्यात बिबट्या शिरला, त्याला बाहेरची वाट सापडेना, शेवटी बिचारा बांधावरच्या माणसांना हाका मारायला लागला. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापेक्षा मोठा थापाड्या बघत होतो, आणि मला भरून आलं. वाटलं, हा आपलाच माणूस.

स्वयंपाकघरात मटण शिजत होतं. वास सगळ्या गल्लीत. जेवणाच्या वेळेला आलेला पाहुणा तसाच लावून द्यायचा म्हणजे पूर्वजांनी स्वप्नात येऊन कानाखाली वाजवायची. मी म्हणालो, “पावणं, बसा दोन घास खायला.” तो एकदा नको म्हणाला, तेही उठून हात धुताना. पांढरा रस्सा तो असा प्याला, की पातेल्याला भोक पडलं की काय म्हणून मी वाकून बघितलं. सोबती न बोलता भाकरी मोडत होता. बायको ओट्यापासून पाटापर्यंत फेऱ्या घालत होती. “काकू, असला रस्सा आमच्या आईनंतर आजच,” तो म्हणाला, आणि बायकोनं आणखी एक वाटी वाढली.

मुलानं फोनवर मला पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं. “बाबा, त्यांच्या फोनवरचं चित्र बघायचं नाही. आपल्याला आलेला मेसेज खरा मानायचा नाही. खात्यात रक्कम पडलीय का ते स्वतः बघायचं. किल्ली सगळ्यात शेवटी.” मी बरं बरं म्हणालो होतो. पण पुण्यात राहून त्याला वाटतं, व्यवहार उपाशीपोटी होतात. ज्या माणसानं तुमच्या ताटात हात घातलाय, त्याला ‘थांब, तुझे पैसे खरे का खोटे बघतो’ म्हणायचं, म्हणजे जेवून उठल्यावर त्याचे खिसे तपासायचे. हे कोल्हापुरात कुठल्या तोंडानं करायचं?

त्यानं हात पुसले, फोन काढला, बोट फिरवलं. “सोडलं बघा सर.” पडद्यावर हिरवी खूण. तेवढ्यात माझा फोन वाजला. इंग्रजीत काहीतरी, शेवटी शून्यांची रांग. चष्मा आत राहिला होता, पण शून्यं बिनचष्म्याचीही दिसतात. मी गाडीची कागदपत्रं पुढच्या सीटवर ठेवली, ती नावावर करून द्यायच्या फॉर्मवर सही केली, आणि किल्ली व नारळ त्याच्या हातात दिला. घरची गाडी, मोकळ्या हातानं कशी पाठवायची?

“थांबा,” बायको म्हणाली, “माझी उशी हाय मागं.” गुडघ्याखाली घ्यायची छोटी उशी ती गाडीत ठेवायची. मागचं दार उघडून ती आत वाकली, सीटवर टेकली, आणि तिथंच राहिली.

उशी मांडीवर. ती समोर बघतेय. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गिऱ्हाइकाचा आवाज चढत गेला तो सुरुवातीला सांगितलाच.

समोरचे शेजारी निवृत्त आहेत, त्यांना फाटकाशिवाय दुसरं काम नाही. ते म्हणाले, “सर, वैनी गाडीसंगं दिल्या काय?”

“काकू, मग चला की शिरोळला,” गिऱ्हाईक दात काढून म्हणालं. “आमची आईबी हाय घरात. गप्पा मारा, सांच्याला एसटीत बसवून देतो.” हसत होतं, पण किल्ली या हातातनं त्या हातात करत होतं. मुका सोबती त्याची बाही ओढायला लागला.

मी दारात वाकलो. “अगं, असं काय करतेस? गल्ली बघाय लागलीय.”

“बघू दे.”

तिच्या कपाळावर घाम होता. बोटं पांढरी पडली होती. आणि मला ओढ्याकाठचा प्लॉट आठवला. तरुणपणी मी तो घ्यायला निघालो होतो, इसाराचे पैसे खिशात. ती पायरीवर बसली, उठलीच नाही, एक शब्द बोलली नाही. मी चिडलो, पण गेलो नाही. त्या प्लॉटवर आता दर पावसाळ्यात मासे घर बांधतात. या बाईला वाद घालता येत नाही. ती बसते. तिचं बसणं हाच निकाल.

“पावणं,” मी म्हणालो, “चष्मा आणतो.”

चष्मा लावून मेसेज वाचला. पेन्शनचा मेसेज दर महिन्याला बँकेच्या नावानं येतो. हा कुठल्याशा साध्या मोबाईल नंबरावरून आला होता, जसा माझ्या साडूचा येतो. माझ्या पोटातला पांढरा रस्सा गार झाला.

“कोपऱ्यावरच्या एटीएमवर जाऊन खातं बघून येतो,” मी म्हणालो.

“म्हंजी आमच्यावर इस्वास न्हाय?” तो असा ओरडला, की शेजारी फाटकावरून खाली उतरले. “तुमच्या घरचं मीठ खाल्लंय आमी, सर! असं बोलवतंय तरी कसं तुमास्नी?”

हा बाण बरोबर बसला. मी थांबलो. त्यानं आणखी एक वाक्य टाकलं असतं, तर मी उलट त्याचीच माफी मागितली असती. पण गाडीकडं बघितलं. मागच्या काचेतून तिची वेणी दिसत होती, तशीच, सरळ. मी गेलो.

मशीननं खोकत खोकत चिठोरं बाहेर टाकलं. पेन्शन वजा किराणा वजा औषधं. कालचाच आकडा. जन्मभर मी प्रत्येक गोष्ट तिप्पट करून सांगितली, पण त्या आकड्याला मला एक शून्यसुद्धा वाढवता येईना. मग एकदम ध्यानात आलं, किल्ली त्याच्या हातात आहे आणि बायको गाडीत आहे.

धावलो म्हणतो. लोक म्हणतात, मी चालतच होतो. चपलेचा अंगठा तुटला, एका म्हशीला धडकलो, तिनंच बाजूला होऊन वाट दिली. गल्लीच्या तोंडाशी आलो तर गाडी जागेवर. मोटारसायकल नव्हती.

“गेली की पावणं,” शेजारी म्हणाले. “तुम्ही वळणावर गेला आनि ती उडालीच. किल्ली बॉनेटवर हाय बघा.”

कागदपत्रं सीटवर तशीच. नारळ मात्र घेऊन गेले. मटण खाऊन, नारळ घेऊन गेलेला चोर मी तरी इतिहासात वाचला नाही.

मग मात्र मला कंठ फुटला. गल्लीच्या मधोमध उभा राहून मी जे भाषण ठोकलं, ते ऐकून म्हणे साखर कारखान्याचा भोंगा लाजून पाच मिनिटं उशिरा वाजला. संध्याकाळपर्यंत माझ्या गोष्टीत चोर चार झाले होते. पुढच्या रविवारपर्यंत त्यांच्याकडं कोयते आले, आणि बायको मागच्या सीटवर ढाल-तलवार घेऊन बसली. गाडी पुढं महिन्याभरानं ओळखीतल्या एका मास्तरणीनं घेतली, पैसे बँकेत बसून, साहेबांच्या समोर, खात्यात पडलेले स्वतः बघून. तिलाही जेवू घातलं, पण पासबुकावर नोंद झाल्यावर.

त्या दुपारी भाषण संपलं, लोक पांगले, आणि अंगातली सगळी हवा निघून गेली. उन्हात गाडीचं दार तसंच उघडं होतं. मी जाऊन बायकोच्या शेजारी, मागच्या सीटवर बसलो. पुढं कुणीच नाही. दोघंही समोर बघत होतो, जसं कुणीतरी आपल्याला कुठंतरी घेऊन चाललंय. आत रश्शाची भांडी पडली होती, ती कुणी घासायची हा विचार दोघांनाही आला असावा. पण कुणीच उठेना. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा आम्ही त्या गाडीत नुसते बसलो होतो.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, “तुला कसं कळलं गं, तो लबाड हाय म्हणून?”

“मला कुठलं कळतंय,” ती म्हणाली. “गुडघा आखडला हुता. उतरायला येईना.”