गणपतीची रजा आणि बुडालेली कंपनी

मी जहाजावर होतो, हे पोलादपूरच्या बाजारात कुणालाही विचारा, सांगतील. मी सांगायचं बाकी ठेवलेलंच नाही. क्रूझच्या जहाजावर लॉन्ड्रीत होतो, पाण्याच्या पातळीखालच्या मजल्यावर. माझ्या इस्त्रीखालून गेलेल्या गणवेशावर एक चुणी शोधून दाखवा, असं मी आजही छाती ठोकून म्हणतो.

फक्त लेकीपुढे ही छाती जरा आत जायची. तिच्या लहानपणीचे सगळे गणपती मी समुद्रावर काढले. आमच्या कापडे गावात घरी आरती सुरू झाली की पोर दाराकडे बघत राहायची, असं बायकोने एकदाच सांगितलं होतं. लेक स्वतः कधी काही बोलली नाही. त्या न बोलण्याचीच मला धास्ती होती.

आता ती बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. यंदा तिने लॅपटॉपवर एक गेम आणला, क्रूझ जहाजांची कंपनी चालवायचा. म्हणाली, "बाबा, तुम्ही नेमके कुठे होतात ते मला दाखवा." मी आंघोळ करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. मालक व्हायचं होतं, थट्टा नाही!

पण नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. प्रवासी सगळे एकाच चेहऱ्याचे, भिंतीतून आरपार चालणारे. आपण करायचं काय, तर तिकिटाचे दर वरखाली. लॉन्ड्री शोधली, तर ते एक बटण निघालं. दाबलं की चादरी स्वच्छ! ना वाफ, ना घाम, ना आम्ही. कामगार म्हणजे कोपऱ्यातला एक आकडा आणि त्यांच्या खुशालीची एक रंगीत पट्टी. बायको मागून डोकावून म्हणाली, "जहाज हाय का रिकामा डबा? माणसं कुठं हायत?" मला खरंच वाईट वाटलं. लेकीला दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

तेवढ्यात गेममध्ये सप्टेंबर, म्हणजे आमच्या गणपतीचा महिना आला आणि पट्टी लाल झाली. कामगार नाराज. पर्याय तीन: बोनस द्या, रजा द्या, नाहीतर कामावरून काढा. आता गणपतीत आमच्याकडे मुंबईची सगळी माणसं गावाला येतात, कारखान्यांचे मुकादमसुद्धा त्या दिवसांत कुणी कामावर येईल अशी आशा धरत नाहीत. मी विचारही केला नाही. सगळ्या जहाजांवरच्या सगळ्यांना रजा देऊन टाकली.

जहाजं बंदरात उभीच राहिली. प्रवासी भडकले. थोड्याच वेळात पडद्यावर पाटी झळकली, कंपनी दिवाळखोर.

लेक पोट धरधरून हसली. "बाबा, बुडवलीत की कंपनी!"

"बुडू दे गो," मी म्हटलं. "माणसं आरतीला घरी पोचली ना?"

ती हसायची थांबली. माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही मागायचात रजा?"

"दर वर्षाला मागायचो. नाय मिळाली."

"मला वाटायचं, तुम्हाला तिकडेच आवडतं."

तिने डोळे पुसले, मोबाइल घेतला आणि त्या दिवाळखोरीच्या पाटीचा फोटो काढून आपल्या कारखान्यातल्या मैत्रिणींना पाठवला. खाली काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं: "ही माझ्या बाबांची कंपनी. गणपतीला सगळ्यांना सुट्टी."