मावशीचे दीर आणि फटफटीचा वाजवी भाव

सौद्यात कुणाचा तरी फायदा होतो आहे हे दिसताच ज्याच्या पोटात गोळा येतो, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझ्या मावशीचा दीर निघाला. स्वतःच्या नुकसानीला घाबरणारी माणसं घरोघरी असतात. हे गृहस्थ दोन्हीकडच्या नुकसानीला घाबरत. चिंचणीला त्यांची नारळ-चिकूची लहानशी वाडी होती, पण पंचक्रोशी त्यांना ओळखायची ती जुन्या फटफट्यांचा भाव सांगणारे काका म्हणून. ऐंशीच्या आसपासचा काळ. नवी गाडी नंबर लावूनही लवकर मिळत नसे, त्यामुळे पंधरा-वीस वर्षं पिदडलेल्या छोट्या गाड्याही हातोहात खपत आणि भाव म्हणजे विकणाऱ्याच्या तोंडाला येईल तो. अशा वेळी घेणारा आणि विकणारा, दोघंही काकांना बोलावणं धाडत. एका चहापलीकडे त्यांनी कधी कुणाकडून काही घेतलं नाही, आणि तो चहाही भाव ठरेपर्यंत त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

त्यांची तपासणी बघण्यासारखी. इंजिनाकडे ते अगदी शेवटी वळत. आधी मडगार्डच्या आतून बोट फिरवायचं आणि ते सरळ जिभेला लावायचं. समुद्राकडच्या पडवीत राहिलेली गाडी खारट लागते आणि आतून सडलेली असते, असं त्यांचं शास्त्र होतं. “खारी हाय. दीडशे कमी,” एवढं बोलून ते थुंकत. मग गाडी अंगणात उभी करून मांजराची वाट बघत बसत. मासळीच्या टोपल्या वाहिलेली गाडी माणसापासून लपवता येईल, मांजरापासून नाही. पालघरजवळच्या माहीमला एकाने गाडी साबणाने घासून वर अत्तर शिंपडून ठेवली होती. “बाजाराकडं कदी गेलीच नाय ही,” असं तो गळ्याला हात लावून सांगत होता, तेवढ्यात शेजारची दोन मांजरं आणि त्यांच्यामागून एक बोका येऊन मागच्या चाकाशी बसला. मालकानेच मान खाली घालून दोनशे रुपये उतरवले.

भाव सांगून झाला की त्यांची खरी काळजी सुरू होई. बेटेगावच्या एका मास्तरांना त्यांनी गाडी घेऊन दिली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्या दारात हजर. “मास्तर, मी भावात हॉर्न धरलाच नव्हता. पंधरा रुपये द्या, त्या विकणाऱ्या बिचाऱ्याला पोचवतो. दोन दिस जेवण जात नाय.” मास्तरांनी मुकाट्याने दिले. ते पंधरा रुपये पोचवायला दहा रुपयांचं पेट्रोल जाळलं, हे त्यांना सांगायची हिंमत मावशीलाही झाली नाही.

या साऱ्याची गंमत मला आज वाटते. तेव्हा माझेच प्राण कंठाशी आले होते. बोईसरच्या एका कारखान्यात मी टेंपररी होतो आणि घरात कमावता एकटाच. सुपरवायझरने बजावलं होतं, पहिल्या तारखेपासून सकाळची पाळी. वेळेवर आलास तर परमनंट, नाहीतर तुझ्या जागी दुसरा माणूस तयार आहे. आमच्या चिंचणीहून निघणारी पहिली एस.टी. पोचेपर्यंत कारखान्याचं गेट बंद झालेलं असे. सायकलवर जाऊन पाहिलं, तर आठवड्यात दोनदा पंक्चर आणि दोनदा खाडा. शेवटी तीन हजार रुपये कसेबसे जमवले आणि तारापूरच्या कॉलनीतले एक साहेब बदली झाल्यामुळे गाडी विकताहेत असं कळताच काकांना घेऊन तिथे गेलो.

साहेबांनी अठ्ठावीसशे सांगितले. माझा हात लगेच खिशाकडे गेला. काकांनी बोट चाटलं, मांजराची वाट पाहिली, किक मारून इंजिन ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. पण दोष गाडीत नव्हता. “साहेब, गाडी साडेतीन हजाराची हाय. तुमी बदलीच्या घाईत सातशे कमी सांगताय.” मी मागून त्यांचा सदरा ओढला, तर ते वळून सगळ्यांदेखत मला म्हणाले, “अडलेल्या मानसाची गाडी स्वस्तात घेऊन तुला बरं वाटंल काय?” मला फारच बरं वाटलं असतं. पण साहेब समोर उभे. त्यांनी काकांचा हात हातात घेऊन आभार मानले, आणि संध्याकाळपर्यंत बोईसरचा एक ठेकेदार “साढ़े तीन में तो मैं ही ले जाता हूँ” म्हणत ती गाडी घेऊन गेलासुद्धा.

पहिली तारीख पाच दिवसांवर आली होती. मी काकांशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर ते स्वतःची फटफटी ढकलत, लंगडत माझ्या दारात आलेले. “गुडगा गेला माझा. किक मारवत नाय. पालघरचा डॉक्टर म्हनतो, आता बंद करा. तू घे.”

“कितीला?” मी अवघडून विचारलं.

“ते तू सांग. मालकाला आपल्या गाडीचा भाव कळत नाय, माया आड येते.” एवढं बोलून ते कुंपणाकडे तोंड करून उभे राहिले. आपल्या चेहऱ्याकडे बघून मी आकडा बदलू नये, एवढ्यासाठी.

ती गाडी मला पाठ होती. वाऱ्यापासून आडोशाला ठेवलेली, दर रविवारी तेलाच्या फडक्याने पुसलेली. डोळे मिटून कुणीही अडतीसशे दिले असते. माझ्याकडे तीन हजार होते, आणि सातशे रुपयांचा राग होता. “अडीच हजार,” मी म्हणालो. आता ते गर्रकन वळतील आणि ‘हा भाव बरोबर नाय’ म्हणतील, म्हणून मी श्वास रोखून उभा राहिलो. ते सावकाश वळले. खांद्यावरच्या पंच्याने पेट्रोलची टाकी पुसली आणि म्हणाले, “बरं. पेट्रोलला वेगळे ठेवलेस ना?”

मी परमनंट झालो. पाळी एकदाही चुकली नाही. पण रोज सकाळी त्यांच्या घरावरून जाताना मी मान वळवत नसे. आठ महिन्यांनी तेराशे रुपये साठवून एका रविवारी त्यांच्या ओटीवर गेलो. ते पाय पसरून गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

“काका, तेव्हा मी कमी सांगितलं. गाडी अडतीसशेची होती.”

“ठाऊक हाय,” ते म्हणाले. “पैशाचं काय नाय रे. तू येतोस का नाय, तेवडीच काळजी होती. आठ महिने जीव टांगनीला लागलेला.”

मग त्यांनी नोटा मोजून घेतल्या आणि त्यातली शंभराची एक माझ्या हातात परत ठेवली. “तेराशे नाय, बाराशे. मागच्या टायरला आतून पॅच हाय. सांगायचं राहिलं, मग सांगायला लाज वाटाय लागली. तू रोज बोईसरला जायचास आनि मी हितं त्या टायरच्या नावानं देव पान्यात घालून बसायचो.”

मी नोट घेतली, त्यांच्या पाया पडलो आणि निघून आलो.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाडी अजून माझ्याकडे आहे. जुन्या गाड्यांचे शौकीन कधी कधी दारात येऊन मोठमोठे आकडे सांगतात, तेव्हा मी घाबरतो. आकडा जास्त आहे की कमी, हे विचारायला माणूस राहिलेला नाही. विकायची नाही म्हणून सांगतो आणि त्यांना चहा पाजून वाटेला लावतो. तो मागचा टायर मात्र मी पहिल्याच महिन्यात बदलून टाकला होता. हे त्या दिवशी ओटीवर काकांना सांगायला हवं होतं, आणि ते माझ्याकडून कायमचं राहून गेलं.