पलंगावर फक्त झोप

माझी झोप गेली ती हे गेल्यावर. शाळेत मी पोरांना ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ ही म्हण वर्षानुवर्षं शिकवली, फळ्यावर अर्थ लिहून दिला, वाक्यात उपयोग करून घेतला. निवृत्त झाल्यावर चांगली कापसाची गादी भरून घेतली, तर तिच्यावर मी नुसती कूस बदलत पडायची. पोरगा पुण्याला, पोरगी नागपूरला. दोघंही फोनवर ‘झोपतेस ना नीट?’ विचारत आणि मी हो म्हणून मोकळी होत असे. कामरगावातलं आमचं घर तसं लहान, पण एका माणसाला तेही फार मोठं पडतं.

गोळ्या घेऊन पाहिल्या. झोप यायची, पण सकाळभर डोकं जड राहायचं. एकदा न्हाणीत तोल गेला, भिंतीला धरलं म्हणून वाचले. तेव्हा ठरवलं की पुरे. वाशीमच्या एका दवाखान्यात झोपेसाठी औषधाशिवाय इलाज सांगणारी मुलगी बसते असं कळलं. एसटी पकडून गेले.

मुलगी अगदी तरुण होती, पण बोलायची ठाम. म्हणाली, “गोळी एकदम सोडू नका, आमचे डॉक्टर ती हळूहळू कमी करतील. तोवर सवयी बदलू. दुपारी आडवं व्हायचं नाही. सकाळी उठायची वेळ एकच. झोप येत नसेल तर पडून राहायचं नाही, उठून दुसऱ्या जागी बसायचं. आणि पलंगावर फक्त झोपायचं. टीव्ही नाही, मोबाईल नाही, निवडणं-टिपणं नाही, गप्पा नाहीत. पलंग म्हणजे झोप, हे तुमच्या डोक्यात पक्कं बसलं पाहिजे.”

आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना एक खोड असते. वरून परिपत्रक आलं की ते शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत पाळायचं. येताना कारंज्याला उतरून मी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेतल्या आणि जीपच्या टपावर टाकून आणल्या. आमच्या पुढच्या खोलीत बसायला तो पलंगच होता. आलेला माणूस पलंगावर बसणार, चहा पलंगावर, तूर निवडणं पलंगावर. आता तो सगळा कारभार बंद, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

रोज दुपारी माझ्याकडे एकच माणूस येई. आमच्या शाळेत खिचडी शिजवायची ती बाई. माझ्याच वयाची, तिचाही नवरा गेलेला. ती बौद्ध. माझी सासू असेपर्यंत उंबऱ्याच्या आत येत नसे आणि चहा प्यायलेला कप स्वतः विसळून पालथा घालत असे. सासू गेल्यावर मी तिला हाताला धरून पलंगावर बसवलं होतं. मग वर्षानुवर्षं आमच्या दुपारी तिथंच गेल्या. ती पाय वर घेऊन भिंतीला टेकायची आणि अख्ख्या गावाची खबर सांगायची. मी तिला ‘तू’ म्हणायची, ती मला ‘तुमी’. मैत्रीण म्हणावं अशी तेवढी एकच.

वाशीमहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी मोठी जाऊ आली. डॉक्टरीण काय म्हणाली ते ऐकायला आली आणि सवयीनं पलंगावर बसली. मोठ्या जावेला ऊठ म्हणायची आमच्याकडे रीत नाही. मी नियम गिळला आणि चहा ठेवला. तेवढ्यात माझी ती मैत्रीण आली. चपला काढून, पदर सावरून पलंगाकडे वळली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “तिथं नको बसू. खुर्चीवर बस.”

आवाज बाईंचा होता. वर्गातला.

ती खुर्चीवर बसली. खुर्चीच्या दांड्यांवरचं प्लॅस्टिकही मी अजून काढलेलं नव्हतं. जाऊ पलंगावरून काहीबाही विचारत होती, ती हो-नाही करत होती. चहा प्यायली. मग उठली, कप मोरीत नेला, विसळला आणि पालथा घातला. मी बघत होते. ‘अगं, राहू दे’ एवढंही मला म्हणता आलं नाही, कारण मला आपण काय केलं ते नीट कळायलाच वेळ लागला.

त्यानंतर ती आली नाही. वाटलं, सोयाबीन काढायला जात असेल. मग वाटलं, नातू आजारी असेल. अशी कारणं शोधायला मी पटाईत आहे. दुपार आली की मी एका खुर्चीवर बसायची आणि दुसरी समोर रिकामी. आडवं व्हायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, दाराकडे बघत बसायचं. हे गेले तेव्हासुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा दुपारी ती होती.

आणि झोप मात्र येऊ लागली. इलाज खरा होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. पाठ टेकली की डोळा लागायचा.

पुन्हा वाशीमला गेले तेव्हा ती मुलगी खूश झाली. मी म्हटलं, “तुम्ही सांगितलं तसं पलंगावर कोणालाच बसू देत नाही.”

ती हसली. “असं कुठं म्हटलं मी? नियम तुमच्यासाठी होता, आजी. पाहुण्यांसाठी नाही.”

परतीच्या एसटीत मला खिडकीजवळची जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. घरी न जाता तशीच विहाराच्या मागे मैत्रिणीच्या घरी गेले. तिनं दार उघडलं, आतून धुतलेली चादर आणली, तिच्या पलंगावर अंथरली आणि मला तिथं बसवलं. मी एका दमात सगळं सांगितलं. दवाखाना, नियम, माझी चूक.

मग म्हणाली, “डाक्टरनं सांगतलं असन. मी कायले खोटं म्हणू? पण मोठ्या बाईले नाई उठवलं तुमी.”

चाळीस वर्षं पोरांच्या उत्तरांवर लाल शाईनं रेघा ओढल्या, पण असं नेमकं उत्तर एकाही पोरानं दिलं नव्हतं. मी म्हटलं, “चुकलं माझं. तू ये.”

“येईन नं,” ती म्हणाली. “काहून नाई येणार?”

आणि दोन-चार दिवसांनी ती आलीही. चपला काढल्या आणि सरळ खुर्चीवर बसली. मी उठून पलंगावरची चादर झटकली, नीट केली. म्हटलं, “इथं बस नं. आता तसं काही नाही.”

“राहू द्या, बाई,” ती हसून म्हणाली. “लय दिवसानं तुमचा डोळा लागून राह्यला. माह्यापायी पुन्हा झोप जाईन तुमची.”

ती मनापासून म्हणाली की मला सुनावलं, हे मला आजही सांगता येत नाही. तोंडावर हसू होतं. मी पुन्हा म्हटलं, जवळजवळ विनवलं. ती खुर्चीवरून हलली नाही. पावसाचे, पिकाचे चार शब्द बोलली, चहा प्यायली आणि लवकरच उठली. जाताना तिनं कप विसळू नये म्हणून मी तो तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. तिनं घेऊ दिला.

त्या रात्री मला वाटलं होतं की आता डोळ्याला डोळा लागणार नाही. पण पाठ टेकताच झोप लागली, ती थेट उजाडेपर्यंत. उठल्यावर मला त्या झोपेची लाज वाटली.