शी-आक्कांची शुक्रवारची सवाष्ण

आक्कांच्या तोंडून 'शी' हा शब्द जितक्या प्रकारांनी निघायचा, तितक्या प्रकारांनी माणसं देवाचं नावही घेत नसतील. गारढोण चहाला एक शी, पुढाऱ्याच्या भाषणाला दुसरी आणि सुनेच्या ताटात शिळी भाकरी टाकणाऱ्या सासूला तिसरी. ही तिसरी लांबलचक असायची आणि ती संपली की आक्का खरोखरच बाजूला जाऊन थुंकून यायच्या. लोहारा तालुक्यातल्या एका गावात त्यांनी तीस वर्षं अंगणवाडी चालवली. पोरांची शेंबडी नाकं पुसताना त्यांना कधी किळस आली नाही. ती सगळी त्यांनी मोठ्या माणसांसाठी राखून ठेवली होती. गाव त्यांना मागे 'शी-आक्का' म्हणायचं आणि तोंडावर नुसतं आक्का.

माझी त्यांची गाठ पडली ती मोबाइलच्या पडद्यावर. मी धाराशिवातल्या एका संस्थेत ऑनलाइन समुपदेशक होते. घरच्या ताणाखाली पिचलेल्या आईबापांशी दुरून बोलायचं, हे माझं काम. गावोगावी एकेक जाणती बाई नेमली होती. तिनं कुटुंब शोधून द्यायचं आणि मी लिहिलेल्या अहवालावर सही करायची. निवृत्त झालेल्या आक्का त्यांतल्याच एक. पहिल्या दिवशी त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडं नव्हे, माझ्या मागं बघितलं. "मॅडम, ती झाडं कुठली?" ते संस्थेनं दिलेलं चित्र आहे, बघणाऱ्याला शांत वाटतं, असं मी सांगितलं.

"शी. धाराशिवात बसून महाबळेश्वर दावता व्हय? भिंत असंल तर भिंत दावा. आमच्याबी घरात भिंतीच हायत."

मी चित्र काढून टाकलं. मागची पोपडे सुटलेली भिंत दिसू लागली, तशा त्या खूश झाल्या. माझं "मी तुमच्या भावना समजू शकते" हे पाठ केलेलं वाक्यही त्यांनी असंच निकालात काढलं. "समजू शकता म्हंजे? समजलं का न्हाय, तेवढं सांगा."

संगीताचं घर त्यांनीच शोधून दिलं होतं. तिची चार वर्षांची राणी अजून एक शब्द बोलत नव्हती आणि घरातला जो तो त्याचं खापर संगीताच्या डोक्यावर फोडत होता. नियमाप्रमाणे मी तिच्या नवऱ्याच्या मोबाइलवर फोन लावला. पलीकडं स्पीकर चालू होता. कोणी म्हातारं खोकत होतं, कोणाच्या तरी बांगड्या वाजत होत्या, कोणीतरी "सांग की, सांग" म्हणून कुजबुजत होतं. हे सगळं मला ऐकू आलं आणि तरीही मी कागदावरचा प्रश्न वाचला, "घरात तुम्हाला काही त्रास होतो का?"

"न्हाय मॅडम. समदं बरं हाय."

मी 'कुटुंबातील वातावरण' या रकान्यात 'समाधानकारक' असं लिहिलं आणि जेवणाचा डबा उघडला. डब्यात गवारीची भाजी होती. ती भाजी मला तेव्हापासून घशाखाली उतरत नाही.

आठ दिवसांनी आक्कांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी राणीची हनुवटी वर केली. पोरीच्या गळ्यावर दोन्ही बाजूंनी बिब्ब्याचे डाग होते, मधे काळे आणि कडेनं चिघळलेले. बिब्बा तापवून गळ्याला लावला की जड जीभ सुटते, असं आजीनं ठरवलं होतं आणि बाकीच्यांनी हातपाय धरले होते.

"हे समाधानकारक हाय का? करू सही?" त्या दिवशी आक्का एकदाही शी म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्या घराची किळस आली, आणि त्याहून जास्त माझ्या अक्षराची. वळणदार, स्वच्छ, समाधानकारक.

"समदं घर कान लावून बसल्यावर कोणती सून बोलंल, पोरी? तू बोलली असतीस का?" मॅडमची पोरी झाले ती तेव्हा.

एवढ्यावर ते घर थांबणार नव्हतं. पुढच्या अमावास्येला पोरीला जीपनं एका लांबच्या वस्तीवर न्यायचं ठरलं होतं. तिथला कोणी माणूस तापलेली सळई जिभेला लावायचा. मी तक्रार करते म्हणाले. "कर, जरूर कर," आक्का म्हणाल्या. "पर साहेब चहा पिऊन जाईल आन संगीता त्याच घरात ऱ्हाईल. आधी तिच्या तोंडून निघू दे." तक्रारीचा अर्ज मी पाठवला. अमावास्येपर्यंत त्याचं उत्तर आलं नाही.

आक्का मात्र थेट संगीताच्या सासूच्या दारात गेल्या. देवी स्वप्नात आली, ओळीनं तीन शुक्रवार सवाष्ण जेवू घाल म्हणाली, आणि सवाष्ण लेकुरवाळी पाहिजे, लेकरासकट. आमच्या जिल्ह्यात भवानीच्या नावानं आलेल्या या बोलावण्याला नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. तरी सासूनं खुसपट काढलंच, "तू इधवा बाई. तुझ्या घरी कसली सवाष्ण?"

"देवी माझ्या सपनात आली, तुमच्या न्हाय. इचारायचं असंल तर तिलाच इचारा." सासू सोबत यायला निघाली, तर "सवाष्ण एकलीच जेवती, तसंच सांगितलंय तिनं" म्हणून तिला उंबऱ्यावरच थोपवलं. आक्का देव मानत नव्हत्या. मानणाऱ्यांची त्यांना शिसारी होती, पण त्या मानण्याचाच त्यांनी असा उपयोग करून घेतला.

पहिल्या शुक्रवारी त्यांनी फोन तांब्याला टेकवून पाटासमोर ठेवला. संगीता ताटावर बसली. मी सुरुवात केली, "संगीताताई, आज कसं वाटतंय?"

"शी," मागून आवाज आला. "आधी जेवू दे तिला. उपाशी माणसाला काय कसं वाटतंय?"

मग मी मुकाट्यानं एका बाईचं जेवण बघत बसले. संगीतानं खाली मान घालून चार पुरणपोळ्या खाल्ल्या, हात धुतला आणि कोणी काही विचारायच्या आत बोलायला लागली. अर्धा तास ती थांबली नाही.

पुढचे दोन शुक्रवार आम्ही तालीम केली. आक्का सासू व्हायच्या आणि इतक्या मन लावून शिव्या द्यायच्या की संगीताला रडता रडता हसू यायचं. काय उत्तर द्यायचं ते मी सुचवत होते, पण शेवटी कामाला आलं ते तिचं स्वतःचं. अमावास्येला दारात जीप उभी राहिली. शेजारपाजार जमला. संगीता राणीला पोटाशी धरून जीपसमोर उभी राहिली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, आधी माझ्या जिभेला लावा सळई. मग हिच्या." गर्दीत मागं आक्का उभ्या होत्या. जीप रिकामी गेली.

पुढच्या आठवड्यात आक्का दोघींना घेऊन सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या. राणीच्या जिभेला काही झालेलं नव्हतं. तिला नीट ऐकूच येत नव्हतं. अख्खं घर स्पीकरला कान लावून बसलं, पण पोरीचे कान कुणी तपासले नाहीत. मीसुद्धा नाही.

आक्का मागच्या उन्हाळ्यात गेल्या. मला कळलं ते संस्थेच्या ग्रुपवर. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती आणि एकानं अंगठा वर केला होता. मी फोन पालथा टाकला आणि कितीतरी वेळ रडले. आता त्यांच्या जागी दुसरं कोणी नाही. त्याऐवजी संस्था घरोघरी एक लिंक पाठवते, ती दाबायची आणि चेहऱ्यांपैकी एक निवडायचा, हसरा किंवा रडका. शी.

परवा शुक्रवारी दुपारी संगीताचा फोन आला. आता तिचा स्वतःचा फोन आहे. मागं कानाला यंत्र लावलेली राणी भांडी बडवत होती. "मॅडम, आज माझ्याकडं सवाष्ण हाय. पलीकडच्या गल्लीतली. लई जाच हाय तिला."

"आणि सासूबाई?"

"दारात बसवल्यात. सवाष्ण एकलीच जेवती म्हणलं."

तिनं फोन तांब्याला टेकवला. समोर पाटावर एक पोरसवदा बाई डोक्यावरचा पदर सावरत बसली होती. मी घसा साफ केला आणि तिला नाव विचारायला तोंड उघडलं.

"शी, मॅडम," संगीता म्हणाली. "आधी जेवू द्या तिला."