एकच हिशेब चार जागी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघी बारामतीत कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. मी कन्हेरीहून सायकलवर यायचे, मैत्रीण इंदापूरहून एसटीने. रविवारी क्लासला सुट्टी. मालकांनी किल्ली आमच्याकडेच ठेवलेली, त्यामुळे त्या दिवशी कॉम्प्युटर आणि फोनची लाइन दोन्ही आमच्या ताब्यात.

एका मासिकासोबत आलेल्या सीडीवर कॅलेंडर छापायचा प्रोग्राम मिळाला. फुकट, आणि त्याचा कोडही खुला. जगभरचे लोक त्यात भर घालत. येणाऱ्या दोन हजार सालचा फेब्रुवारी छापून पाहिला, तर लीप वर्ष असूनही दिवस अठ्ठावीसच. चूक सापडली, दुरुस्त केली. महिन्याचं पान बरोबर आलं, पण अख्ख्या वर्षाच्या पानावर फेब्रुवारी पुन्हा अठ्ठावीसचा.

"अगं, इथंही तेच लिहिलंय," मैत्रीण म्हणाली.

महिन्याचे दिवस आणि वार काढायचा तोच हिशेब चार फायलींत होता. ज्याला लागला त्यानं उचलून आपल्या फायलीत चिकटवलेला. आम्ही तो एका जागी ठेवला, बाकीच्या प्रती पुसल्या आणि सगळ्या फायली त्या एकाच हिशेबाला जोडल्या. पुसताना भलतीच मजा येत होती. एका प्रतीत एक आकडा वेगळा होता. कुणाची तरी चूक समजून तीही उडवली.

हा प्रोग्राम एक जर्मन गृहस्थ सांभाळत. त्यांना आमचे बदल ईमेलनं पाठवले. पुढच्या रविवारी उत्तर आलं: काम छान आहे, पण तो वेगळा आकडा मुद्दाम घातलेला होता. आमच्याकडे जर्मनीत आठवडा सोमवारी सुरू होतो, तुमच्यामुळे तो रविवारी सुरू व्हायला लागलाय.

मैत्रिणीला हसू आवरेना. "अख्ख्या जर्मनीचा आठवडा हलवला की आपण."

मग हिशेब एकच ठेवून, आठवडा कुठल्या वारी सुरू करायचा तेवढं ज्याचं त्याला ठरवू दिलं. हे मात्र त्यांना पसंत पडलं. आभाराची मेल आली त्या दिवशी आमचे वडील, आबा, टेम्पोनं मंडईत भाजी पोचवून मला न्यायला आले होते.

"काय लिवलं म्हनायचं तुमी?"

"लिहिलं थोडंच, आबा. जास्तीचं होतं ते काढलं."

"आन् तेवढ्यासाठी परदेशातनं आभार?"

"व्हय."

आबांनी स्क्रीनवरची ती इंग्रजी मेल बराच वेळ न्याहाळली. "बरं हाय की," म्हणाले आणि सायकल टेम्पोत चढवायला गेले. मैत्रिणीलाही आम्ही आग्रहानं कन्हेरीला नेलं. टेम्पोत रिकाम्या क्रेटवर बसून, आता दुसरा कुठला प्रोग्राम उघडायचा यावर आमचा वाद घरापर्यंत चालला.