बुडाला भोक असलेली मडकी

रोझ बेलच्या साखरेच्या कोठीवर ऊस तोडत होतो तेव्हाची गोष्ट. गावाकडून आलेल्या एका माणसानं सांगावा आणला, की माझी बायको तिच्या भावासोबत पुढच्या जहाजानं येतेय. लग्नानंतर जेमतेम एक पावसाळा आम्ही एकत्र काढला होता, मग मी समुद्रापार मिरीच बेटावर निघून आलो. सांगावा ऐकला आणि मी कोयता हातात धरून भर उसात नाचलो. सरदार, म्हणजे आमचा मुकादम, ओरडला, तरी थांबलो नाही.

संध्याकाळी झोपडीत शिरलो आणि तोंड उतरलं. उसाच्या पाचटाची शाकारणी, भिंतीही तशाच. आत एक काळं लोखंडी भांडं, एक टिनाचा डबा आणि निजायला गोणपाट. माझ्यासोबत राहणारा जोडीदार साताऱ्याकडचा होता. तो म्हणाला, "मी शेजारच्या झोपडीत जातो, त्याची काळजी नको. पण लेका, असल्या घरात बाईमाणूस आणणार व्हय? ती आल्या पावली माघारी जाईल."

पगारातून गावी पाठवून जे हाती राहायचं, त्यात पितळेची लोटीसुद्धा येण्याजोगी नव्हती. म्हणून आम्ही फुकटचं काय मिळतं ते शोधायला लागलो.

कारखान्याच्या मागं गवतात मातीची मडकी पडली होती. पूर्वी त्यांत साखर ओतून पाक निथळवत. निमुळती, टोपीसारखी, आणि टोकाला भोक. नवी यंत्रं आल्यावर ती तिथं फेकून दिली होती. सरदाराला विचारलं, तर म्हणाला, "न्या, सगळी न्या! नाहीतरी विंचवांचीच वस्ती झालीय तिथं."

रविवारी आम्ही दोघं डोक्यावरून मडकी वाहत होतो आणि मजुरांच्या झोपड्यांचा अख्खा कांप दारात उभा राहून हसत होता. शेजारी बेटावरच्या जुन्या गुलामांच्या वंशातली एक क्रियोल म्हातारी राहायची. सगळे तिला 'ग्राँमेर' म्हणायचे, म्हणजे आजी. केवड्यासारख्या पानांची पोती विणण्यात तिचा दिवस जाई. तिनं आमचं ओझं पाहिलं, कपाळावर हात मारला, पण वळलेली दोरी मात्र भरपूर दिली. त्या दोरीची आम्ही शिंकी केली आणि मडकी आढ्याला टांगली. उरलेली दाराशी जमिनीत रोवली. माएबूर्गला जाणाऱ्या गाडीवानाकडून थोडा चुना मागवला आणि जोडीदारानं मडक्यांवर मोर, वेली आणि एक हत्ती काढला. मालकाच्या बड्या घराच्या उकिरड्यावरून मी हिरव्या बाटल्या आणल्या, राखेनं घासल्या, त्यांत उसाचे तुरे खोवले. भुई शेणानं सारवली. दोन दिवस आम्ही आतबाहेर करून नुसते बघत होतो. राजवाडाच वाटत होता.

ती आली तेव्हा ऊन कलत होतं. बैलगाडीतून उतरली, भावाच्या मागं उभी राहिली. जहाजानं वाळून गेली होती, पण डोळे तेच. मी दार उघडून बाजूला झालो. ती आत गेली. वर बघितलं, खाली बघितलं, सगळीकडं बघितलं.

"तहान लागलीय," ती म्हणाली.

मी घाईघाईनं टांगलेलं सगळ्यांत सुंदर मडकं काढलं, डब्यातलं पाणी त्यात ओतलं. सगळं पाणी खालच्या भोकातून माझ्याच पायावर! तिनं दुसऱ्या मडक्यात डोकावलं, मग तिसऱ्यात.

"अवो, घरभर मडकी मांडलीत, आन् पाणी ठेवाया एक न्हाई?"

आणि ती हसायला लागली. हसता हसता खालीच बसली. तिचा भाऊ हसला, मी हसलो. जोडीदार दारात उभा होता, तोही. तेवढ्यात तिची नजर वर गेली. "आन् ह्ये डुक्कर कुणी काढलं?"

"हत्ती हाय तो, वैनी," जोडीदार पडेल आवाजात म्हणाला. मग काय, पुन्हा हसू फुटलं. हसणं ऐकून ग्राँमेर आली. काय झालं ते बघून घरी गेली आणि भोपळ्याचा वाळवलेला एक मोठा तुंबा पाण्यानं भरून घेऊन आली. बायकोनं तो दोन्ही हातांनी घेतला, म्हातारीच्या पाया पडली आणि घटाघटा प्यायली.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून परतलो तर मडक्यांत माती भरलेली! "भोक हाय म्हून तर झाडाला बरं," ती म्हणाली. गावाहून पदराच्या गाठीत तुळशीचं बी आणलं होतं, ते तिनं दाराशी रोवलेल्या मडक्यात पेरलं. टांगलेल्यांत मिरची आणि कोथिंबीर. बाटल्या मात्र तिला जशाच्या तशा आवडल्या. तुरे तेवढे तिनं रोज बदलले.

रोपं वर आली तशा कांपातल्या मद्राशी आणि बिहारी बायका बघायला यायला लागल्या. कुणाची भाषा कुणाला कळत नसे, पण बोटानं दाखवून सगळं समजायचं. त्याही मडकी उचलून नेऊ लागल्या, आणि हळूहळू कारखान्यामागचं गवत मोकळं झालं. ग्राँमेरनंही एक मडकं मागून नेलं. आम्हाला वाटलं, फुलं लावील. तिनं ते आडवं ठेवलं, आत पाचट घातलं, आणि तिच्या कोंबडीनं त्यात अंडी घातली. पहिलं अंडं तिनं आमच्या घरी आणून दिलं. बायकोनं ते ओंजळीत धरलं, अजून ऊबदार होतं, आणि त्या दोघी कितीतरी वेळ दारात बसून आपापल्या भाषेत बोलत राहिल्या.