कुंद्याच्या झाकणावर तीन भाषा

चहाचा कप खाली ठेवा आधी, मग सांगतो. न्हायतर सांडाल अंगावर. असली फजिती माझी आजवर झाली न्हाय, आणि ती मी पुरी जिद्द लावून करून घेतली.

आमची आक्का कडोलीत घरी दूध आटवून कुंदा करते. गावात तिच्या कुंद्याला तोड न्हाय, गावाबाहेर कोण ओळखतंय? तेवढ्यात नंदगडच्या एका लग्नघरानं प्रत्येक पाहुण्याला एक डबा म्हणून कुंदा सांगितला. आक्का म्हणाली, "एवढं नीट पार पडलं की माझं नाव झालं बघ."

मी म्हटलं, "तू कुंदा घोट. डबे माझ्याकडं लागले."

मी बेळगावात नोकरीला. खडेबाजारातला पुठ्ठ्याचा डबा मला कुठला पटतोय? थेट चीनमधनं पत्र्याचे डबे मागवले. बंदरातनं माल सोडवणारा एजंट फोनवर म्हणाला, "आत काय आहे?"

"कुंदा."

"चीनमधनं कुंदा मागवताय?"

"न्हाय हो, कुंदा इथं भरणार."

"मग रिकामे पत्र्याचे डबे म्हणा. मिठाई म्हटलं की खाण्याच्या मालात जाईल, आणि बसाल तपासण्या करत. आणि डबा कुठल्या देशात बनला ते त्यावर पाहिजे. तळाला बारीक..."

पुढचं मी ऐकलंच न्हाय. माल अडकू द्यायचा न्हाय म्हणजे न्हाय. त्यात आपण सीमाभागातली माणसं. काही लिहायचं म्हटलं की पहिला प्रश्न, कुठली भाषा वर आणि कुणाचं अक्षर मोठं? म्हणून कारखान्याला निक्षून कळवलं, देशाचं नाव झाकणावर, कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही भाषांत, एकाच मापात, आणि घासलं तरी जाता कामा नये. कन्नड तर हाफिसातल्या साहेबांकडनं तपासून घेतलं. एवढा मी हुशार.

माल बिनबोभाट सुटला. मी कॉलर ताठ करून फिरत होतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी कडोलीत खोकी फोडली. आक्कानं झाकण वाचलं. वर 'बेळगावचा अस्सल कुंदा'. खाली ठळक, 'चीनमध्ये तयार केलेला'. तेच कन्नडात. तेच इंग्रजीत.

"ह्ये काय रं?"

"नियम हाय गं तसा."

"नियमानं माझा कुंदा चीनचा केला व्हय?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला लई वाईट वाटलं. पण हार मानंल तो मी कसला? सँडपेपर घेऊन बसलो. घासलं, घासलं, तर 'बेळगावचा अस्सल' तेवढं पुसलं गेलं. चीन जागचा हलला न्हाय. मीच सांगितलं होतं न्हवं.

दुसरे डबे आणायला वेळ कुठला? तेच घेऊन आक्का आणि मी नंदगडला गेलो. मांडवात नवरीच्या मामांनी झाकण मोठ्यानं वाचलं. "आक्का, चीनला कधी गेलतीस?"

मांडव हसला. आक्का खाली बघत उभी. मामांनी हसत हसतच चमचाभर कुंदा तोंडात टाकला. मग सावकाश अख्खा डबा संपवला. "न्हाय बा, ह्यो कडोलीचाच," म्हणाले.

आता आक्काला उसंत न्हाय. पुठ्ठ्याचे डबे खडेबाजारातनं मीच वाहून आणतो. परवा एका गिऱ्हाइकानं माझ्याकडं बोट करून विचारलं, "ह्यो कोण?"

"भाऊ माझा," आक्का म्हणाली. "माल इथलाच हाय. डोकं तेवढं बाहेरनं मागवलंय."